पोट तुमचं, पाठ माझी

ब्लाऊज कसा शिवलाय हे कळायला तो अंगात घालून आरशासमोर उभं राहावं लागत नाही. उलटा करायचा आणि आतली शिवण बघायची. गिऱ्हाईक सहसा बघत नाही, पण मी बघते, आणि दुसऱ्या कुणी शिवलेला असेल तर दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही. स्वभावाला औषध नाही. त्यामुळे माळनाक्याजवळच्या आमच्या इमारतीत, बरोबर माझ्या टेलरिंगच्या दुकानासमोर गुरुप्रसाद शिवलकरनं कॉम्प्युटरचं दुकान थाटलं आणि दारात काचेचं चकचकीत खोकं मांडून ‘एकही वायर दिसणार नाही’ अशी पाटी लावली, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात त्याला विचारलं, की दिसणार नाहीत म्हणजे गेल्या कुठे?

तो हसला. गुरुप्रसादला बोलायला फारसं यायचं नाही, हसायला यायचं. त्यानं मला समजावून सांगितलं, की त्याच्याकडे तयार कॉम्प्युटर मिळत नाही. गिऱ्हाईक एकेक भाग पसंत करतं आणि तो ते सगळे भाग एका खोक्यात बसवून देतो. त्या खोक्याला कॅबिनेट म्हणतात. एका बाजूला काच, आत दिवे. भाग सगळे एका पत्र्यावर बसतात. वायरी मात्र पत्र्याला असलेल्या भोकांतून मागे काढायच्या. तिथे बोटभर जागा असते आणि तिच्यावर एक पत्र्याचं झाकण. पुढून बघणाऱ्याला वाटतं, सगळं हवेवर चाललंय.

मी म्हटलं, अरे, मग मागे नुसता उकिरडा असेल. पाहुणे आले की आमची धाकटी जाऊ सगळे कपडे कपाटात कोंबते आणि पाठीनं दार लावते, तसं. तो म्हणाला, बरेच दुकानदार तसंच करतात, गुडघा लावून झाकण बसवतात. मग त्यानं दारातलं खोकं फिरवलं आणि मागचं झाकण काढून दाखवलं.

मी गप्प झाले, आणि मी गप्प झाले हे आमच्या इमारतीत पुढे बरेच दिवस सांगितलं जात होतं. तेल लावून चापून घातलेल्या वेणीसारख्या वायरी पडल्या होत्या. एकावर एक नाही, एकीच्या कडेला एक. वळणावर सगळ्या मिळून वळत होत्या. आणि त्यांना बांधलं होतं पांढऱ्या दोऱ्यानं, सारख्या सारख्या अंतरावर, गाठ एकाच बाजूला. मी विचारलं, हे तू केलंस? तर त्यानं मान हलवून कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे चटईवर त्याची बायको बसली होती. दोऱ्याचं टोक दातात धरून ती माझ्याकडे बघत होती, हसू दाबत.

ती सगुणा. गुहागरकडची, मासेमारी करणाऱ्या घरातली. तिच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांची जाळी फाटली की ती सांधायला ही आधी बसायची आणि मग पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायची. लग्न होऊन रत्नागिरीत आली तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. नवरा वायरींना प्लास्टिकच्या पट्ट्या करकचून लावायचा ते तिला बघवेना. पट्टीची कापलेली टोकं हाताला बोचतात आणि आवळली की वायरीच्या गळ्याला फास लागतो, असं तिचं म्हणणं. तिनं आप्पांकडून जाळ्याचा दोरा मागवला आणि जाळ्याला मारतात तीच गाठ वायरींना मारून दाखवली. ती गाठ सरकत नाही आणि चावतही नाही. तेव्हापासून दोघांची वाटणी ठरली. पुढची बाजू त्याची, मागची तिची. खोक्यात सगळं बसवून झालं की तो ते फिरवून चटईवर तिच्यासमोर ठेवायचा आणि चहाला जायचा. परत येईपर्यंत तिनं झाकण लावून स्क्रू पिळलेले असत. पाठीवर थाप मारून ती म्हणायची, “पोट तुमचं, पाठ माझी.”

तो ती पाठ उघडून बघत नसे. आपल्याकडचे पुरुष रांधणाऱ्या बाईच्या टोपावरचं झाकण उचलत नाहीत, तसंच. दुरुस्तीला आलेलं मशीन मागून उघडायचं असलं तरी तीच उघडायची. कुणी फार चौकशी केली तर दाखवायला ते दारातलं जुनं खोकं होतं. एवढी वर्षं संसार केला, पण त्या दोघांत भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. मला ते जरा संशयास्पदच वाटायचं. आमच्याकडे भांड्याला भांडं लागल्याशिवाय चूल पेटत नसे.

संगमेश्वर-देवरूखकडची कॉलेजची मुलं त्याचं नाव काढत यायची. बोटीवरून सुट्टीला आलेले खलाशी आपल्या पोरांसाठी कॅबिनेट बांधून घ्यायचे. सगळे काचेतून बघायचे आणि वा म्हणायचे, गुरुप्रसादला. सगुणाला त्याचं काही नसे. मी एकदा तिला म्हटलं, अगं, एखाद्या झाकणावर तुझं नाव तरी लिही. तर ती म्हणाली, जाळं कुणी सांधलं हे काय मासा विचारतो काय गो ताई?

मग तिला गाठ आली, छातीत. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला धाडलं. आंबा घाट चढायचा, औषध शिरेतून घ्यायचं, घाट उतरायचा, येताना वाटेत गाडी थांबवून ओकायचं. केस गेले. त्यांची मुलगी मनस्वी तेव्हा कॉलेज संपवून लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम घरीच करू लागली होती, ती आईचं सगळं बघायची. आणि गुरुप्रसादनं काय केलं? कधी नव्हे एवढ्या ऑर्डरी घेतल्या. घर वरच्याच मजल्यावर. खाली पुढची बाजू उरकली की तो खोकं उचलून जिन्यानं वर न्यायचा आणि तिच्या चटईवर ठेवायचा.

मला राग आला. आजारी बाईला कामाला जुंपतोस, म्हणून मी त्याला दुकानात जाऊन झापलं. तो खाली बघत म्हणाला, “ती पाठ बांधते आहे ना ताई, तोवर काय होत नाय. माझं मन सांगतं.” मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. मी तडक वर गेले. सगुणाला सांगितलं, तुला होत नसेल तर मी त्याला सरळ करते.

ती भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला रुमाल, पुढ्यात पेजेचा पेला, तसाच थंड झालेला. म्हणाली, “नको गो ताई, त्यांना काय बोलू नको. खोकं घेऊन वर येतात ना, तेव्हा त्यांच्या पायात जोर असतो. रिकामे येतात तेव्हा मला ते बघवत नाय.”

मी खाली आले आणि शिलाई मशीनवर बसले. त्या दिवशी शिवलेली बाही उलटी जोडली गेली, उसवायला लागली.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, या औषधानं बोटं बधिर होतात. तिला विचारलं की ती म्हणायची, थोड्या मुंग्या येतात, जातील. घरात कपबशा फुटायला लागल्या तेव्हा मनस्वीनं स्टीलचे पेले काढले. तिच्या मॅक्सीची बटणंही मनस्वीच लावायची. पण खोकी खाली येत राहिली, झाकण लावलेली, स्क्रू पिळलेले. काचेतून बघावं तर एक वायर दिसत नव्हती. गुरुप्रसादच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरता उजेड यायचा.

सगळ्यात शेवटचं खोकं मनस्वीचं. तिचं काम वाढलं होतं, जुना कॉम्प्युटर दमत होता. बापानं निवडून निवडून भाग आणले, पुढची बाजू अशी बसवली की लग्नाच्या रुखवतात मांडावी. मग वर नेऊन दिलं. सगुणा दार लावून दुपारभर त्याच्यापाशी बसली. संध्याकाळी तिनं हाक मारली आणि झाकणावर थाप मारली. थाप अगदी हलकी होती, पण मारली. त्यानंतर तिनं दोऱ्याला हात लावला नाही. श्रावणात ती गेली.

गेल्यावर गुरुप्रसाद रडला नाही. सगळं रीतसर केलं, दिवस केले, तेराव्यानंतर दुकान उघडलं. पण काचेच्या खोक्यांची ऑर्डर घेईना. माऊस विकायचा, प्रिंटरची शाई भरून द्यायचा. त्याहून वाईट म्हणजे सगुणानं बांधलेलं एखादं मशीन दुरुस्तीला आलं की परत पाठवायचा. म्हणायचा, ती पाठ उघडायची तर गाठी कापाव्या लागतील, माझ्याच्यानं होणार नाय, दुसरीकडे न्या. लोकांनी पहिल्यांदा समजून घेतलं. मग तोंडावर बोलायला लागले, मग यायचेच बंद झाले. मी एकदा न राहवून म्हटलं, सगुणा काय त्या खोक्यांत बसली आहे? त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. मी तरी कुठे मोठी शहाणी.

आणि आल्यागेल्याला तो मनस्वीचं मशीन दाखवायचा. तिचं शेवटचं काम, इतकं साफ काम तिनं आधी कधी केलं नव्हतं, असं सांगायचा. बघितलेलं नसताना. कुणी मागची बाजू दाखव म्हटलं तर मान हलवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी.

यंदा लग्नाच्या दिवसांत ते मशीन आपोआप बंद पडायला लागलं. मनस्वी काम करताना मध्येच काळोख. बाप म्हणाला, विजेचा दाब कमी-जास्त होतोय. बॅटरी बसवली, प्लग बदलला, पुढून बदलता येईल ते ते बदलून झालं. तरी बंद पडायचं ते पडायचंच. पोरीच्या अंगावर भाट्याकडच्या एका मोठ्या लग्नाचं काम होतं, नवरीच्या घरून फोनावर फोन. त्यात एका दुपारी जळका वास आला. तिनं वायर उपटली आणि म्हणाली, आता मागून उघडायचं. गुरुप्रसाद मशीनसमोर उभा राहिला. म्हणाला, नवीन घेऊन देतो, हे असूदे. ती म्हणाली, माझं सगळं काम यातच आहे आणि हे असंच ठेवलं तर एक दिवस आग लागेल. तो हलेना.

ती धावत माझ्याकडे आली. मी कापड बेतत होते, तशीच उठले. जिना चढताना लक्षात आलं की हातात कात्री आहे. ती बघून गुरुप्रसाद आणखीनच मागे सरकला, जणू मी गाठी कापायलाच आले होते. मी कात्री खिडकीत ठेवली. मी पुष्कळ बोलले. हौसेनं आणलेली वस्तू माणसाच्या जिवावर उठली तर ती सोन्याची म्हणून का गळ्यात घालायची, असलं काहीबाही. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. शेवटी मनस्वीच बोलली. आवाज चढवला नाही तिनं.

“बाबा, आई गेली. मी आहे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं वाकून ते खोकं उचललं आणि जिन्यानं खाली नेलं. दुकानात ती जुनी चटई अजून कोपऱ्यात गुंडाळलेली होती. ती पसरली, खोकं तिच्यावर आडवं केलं आणि सगुणा बसायची तिथे मांडी घालून बसला. स्क्रू खाऱ्या हवेनं गंजले होते, पिळताना कुरकुरले. शेवटचा स्क्रू निघाला आणि झाकण आपणहून वर उडालं. आतून रेटा होता.

मी वाकून बघितलं. आत नुसता गुंता होता. वायरी एकमेकींवर दुमडून, दाबून, जिथे जागा मिळेल तिथे कोंबलेल्या. मधे मधे पांढरा दोरा होता. एखादी गाठ सुरू केलेली आणि सोडून दिलेली. तिच्या शेजारी दुसरी सुरू केलेली. कुठे नुसतेच वेढे. एक वायर झाकणाच्या कडेखाली चिरडून तिचं वरचं आवरण फाटलं होतं, तिथे पत्रा काळा पडला होता. वास तिथलाच.

गुरुप्रसादला पहिल्यांदा कळलंच नाही. तो मनस्वीला म्हणाला, हे कुणी उघडलं होतं? कुणाला दिलं होतंस? ती म्हणाली, कुणालाच नाही. मग त्यानं दोऱ्याचं एक टोक उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं. टोक चपटं झालेलं, धागे पिंजलेले. दुसरं बघितलं, तेही तसंच. सगळी टोकं तशीच होती. पूर्वी ती दोरा दातात नुसता धरायची. इथे तिनं दातांनी ओढून गाठी मारायचा प्रयत्न केला होता, परत परत, कारण बोटांना काही लागतच नव्हतं.

“मला म्हणाली, मुंग्या येतात,” तो म्हणाला.

मनस्वीनं सांगितलं, की शेवटी शेवटी आईला हातात चमचा आहे की नाही हे बघून कळायचं, धरून नाही. मी तुम्हाला सांगणार होते, बाबा, पण तिनं मला शपथ घातली. म्हणाली, कळलं तर बाबा खोकं आणायचं थांबवतील.

खरं सांगायचं तर त्या घटकेला मला सगुणाचा भयंकर राग आला. मेलीनं एवढं कशाला सोसावं? आणि लगेच तिची इतकी आठवण आली की मला तिथल्या स्टुलावर बसावं लागलं. दोघं एकमेकांना जगवत होती. तो तिला काम देऊन, ती ते काम घेऊन. आणि मध्ये ते झाकण.

गुरुप्रसाद बोलायला लागला. आयुष्यात त्याला मी सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. “वर दार लावून बसायची दुपारभर. आधी मी चहा पिऊन येईपर्यंत व्हायचं तिचं. मी जिन्यात उभा राहायचो, ताई. आत स्क्रू पडल्याचा आवाज यायचा. शोधायची, परत पडायचा. मी दार ढकललं नाय. तिला लाजल्यासारखं होईल म्हणून ढकलत नाय, असं मी स्वतःला सांगायचो. तसं नव्हतं. बघितलं असतं तर ती आता वाचत नाय, हे मला कळलं असतं.”

मी माझ्या दुकानातून जाड सुई आणून त्याला दिली. त्यानं एकही गाठ कापली नाही. सुईच्या टोकानं एकेक सैल केली, वायरी एकेक करून सोडवल्या, फाटलेली बदलली. मग मनस्वी त्याच्या शेजारी बसली आणि दोघांनी मिळून त्या वायरी परत बसवल्या. सगुणासारख्या नाही बसल्या. पण झाकण न दाबता लागलं. तिथेच वीज जोडून मशीन चालू केलं. पडद्यावर कुणाची तरी नवरी, हळदीनं माखलेली, जिथे थांबली होती तिथून हसायला लागली. पोरीचं काम सगळं शाबूत होतं.

गुरुप्रसाद चटईवर पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा करत होता. मूठ भरली आणि तो तसाच पुढे वाकला, कपाळ खोक्याच्या पत्र्याला टेकलं, आणि त्याला रडू फुटलं. वर्ष होत आलं होतं तिला जाऊन. मोठा माणूस असा आवाज काढून रडताना मी बघितला नव्हता. भर दुपारची वेळ, दुकान सताड उघडं. शाई भरायला आलेला एक माणूस पायरीवरच थबकला. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन उभा राहिला, रिक्षावाले माना वळवून बघायला लागले. मला ते सहन होईना. मी उठले, शटरच्या कडीला हात घातला आणि खाली ओढायला लागले.

मनस्वीनं माझा हात धरला. दुसरा हात बापाच्या पाठीवर होता.

“राहू दे, मावशी,” ती म्हणाली. “उघडंच राहू दे. बघू देत.”

मी कडी सोडली आणि त्या दोघांशेजारी चटईवर जाऊन बसले.